दादाला सांगितलेला माणूस

१

शनिवार-रविवार म्हणजे आमच्या घरी चित्रपट. दोन दिवसांत पाच, कधी सहा. यात खंड पडायचा तर कारणही तसंच दणदणीत लागतं: ताप, वीज नाहीतर मावशी.

यादी मी करते. एक हसायचा, एक मारामारीचा, एक लहान मुलांचा, एक कोर्टाचा आणि एक इतका जुना की त्यातलं कोणीच आता हयात नाही. दादाचं म्हणणं असं की एकाच चवीचे चित्रपट पाहणारी माणसं पुढे चिडखोर होतात. 'पाहणारी' हा त्याचाच शब्द. त्याची दृष्टी अकरा वर्षांपूर्वी गेली, सावकाश, कडेकडून आत सरकत. तेव्हापासून पाहते मी, आणि सांगतेही मीच.

माझं एकूण असंच चालू असतं. सोमवार ते शुक्रवार मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. भिंग बदलायचं आणि विचारायचं, हे बरं दिसतं की हे? लोक म्हणतात, सारखंच. मग परत बदलायचं. शनिवार-रविवारी दुकानात दुसरी बाई असते आणि मी घरी सोफ्यावर बसून तोंडाचा पट्टा चालू ठेवते.

दादाही काम करतो, घरूनच. बैठकांची, सुनावण्यांची रेकॉर्डिंगं ऐकून टाइप करायची. त्याचे कान भलतेच तयार आहेत. न बोलणारी माणसंसुद्धा तो मोजतो. "इथे सहा जण आहेत. चौघं बोलतात, पाचवा पेनाची टिकटिक करतो, सहाव्याला सर्दी झालीय." त्याच्या ऑफिसने एकदा पडताळून पाहिलं होतं. सहाच होते.

आमचा हॉल लांबट आहे. टीव्हीचं बटण खिडकीच्या भिंतीवर, त्यामुळे सोफ्याची पाठ दाराकडे. घरात शिरणाऱ्याला आधी आमची डोकी दिसतात. दार म्हणजे नुसती चौकट, कवाड नाही; पलीकडे पॅसेज, पॅसेजमध्ये स्वयंपाकघर, दोन खोल्या आणि बाहेर जायचा दरवाजा. हॉलमधून कुठेही जायचं तर त्या चौकटीतूनच.

या शनिवारी मला दादाला सांगायचं होतं की मी चाललेय. मालकांनी आठ तासांवरच्या एका गावात दुसरं दुकान काढलंय आणि ते माझ्या हाती देणार आहेत. रविवारी संध्याकाळी पाचची बस. सोमवारी सकाळी नऊला मावसभाऊ येऊन माझ्या खोलीत राहणार, त्याला किल्लीही देऊन झालेली. बॅग भरून पलंगाखाली ढकललेली. सगळ्यांना माहीत होतं. दादाला सोडून.

२

पाहुण्याचं आधी सांगायला हवं, कारण चूक माझी आहे.

आठ वर्षांपूर्वीची दुपार. चित्रपट तीन तासांचा, त्यात एक कुटुंब जेवणाच्या टेबलाशी बसून मृत्युपत्रावरून भांडत होतं. मला डुलकी लागली. दादाने कोपराने ढोसलं. "चिंगे, कोण आलं?"

दाराचा आवाज झाला असणार. मी डोळे उघडले तर पडद्यावर तेच टेबल, तीच चार माणसं. झोपले होते हे कबूल करायची माझी तयारी नव्हती.

"एक माणूस आलाय," मी म्हटलं. "दारात उभा आहे."

"कोण?"

"माहीत नाही. पाहुणा असेल कोणीतरी."

"काय करतोय?"

"काही नाही. नुसता उभा आहे."

दादाला तो इतका आवडला की चित्रपट संपेपर्यंत दर पाच मिनिटांनी चौकशी. पाहुणा आहे का अजून? मग मलाही चेव चढला. मी त्याला तपकिरी स्वेटर घातला. डावी बाही उजवीपेक्षा लांब केली, बोटं झाकणारी. पुढच्या आठवड्यात चित्रपट वेगळा, देश वेगळा, तरी दादाने विचारलं, "आपला पाहुणा नाही का गं यात?" वेळ मारून न्यायची म्हणून मी म्हटलं, आहे की. झालं. आठ वर्षं तो आमच्या प्रत्येक चित्रपटात उभा आहे. लग्नात, युद्धात, विमानात. दादा म्हणायचा, हा कोणीतरी किरकोळ नट असणार, पडेल ते काम घेणारा. "बिचाऱ्याला कोणी बससुद्धा म्हणत नाही."

मी त्याला बसवलं नाही याचं कारण साधं होतं. बसणारा, चालणारा माणूस आवाज करतो आणि दादाच्या कानांना तो आवाज सापडला नसता तर माझं बिंग फुटलं असतं. दारात नुसत्या उभ्या असलेल्या माणसाचा काही त्रास नसतो.

पहिल्याच आठवड्यात सांगितलं असतं तर सगळं हसण्यावारी गेलं असतं. आठ वर्षांनी कसं सांगणार? ज्याला दिसत नाही त्याच्या डोळ्यांत मी धूळ फेकत आले, हे वाक्य तोंडातून निघत नाही. पण आता इलाज नव्हता. मावसभाऊ फोनवर म्हणाला होता, "सांगेन की मी त्याला चित्रपट. त्यात काय एवढं?" तो जे आहे तेवढंच सांगणार. पहिल्याच शनिवारी दादा पाहुण्याची चौकशी करणार आणि हा म्हणणार, कसला पाहुणा?

म्हणजे मला दोन गोष्टी सांगायच्या होत्या. मी जाणार आहे, आणि तो नव्हताच.

३

शनिवारी सकाळी साडेदहाला हसायचा चित्रपट लावला. दोन शेजारी एकमेकांना एकच पियानो विकतात, असं काहीतरी. मी ठरवलं होतं की दोन दिवस पाहुण्याचं नाव काढायचं नाही. दादाने विचारलंच तर तिथेच धीर करून सगळं बोलून टाकायचं.

पाऊण तास दादाने विचारलं नाही. पडद्यावर दोन बायका स्वयंपाकघरात बसून केक सजवत होत्या, गुपचूप, नवऱ्यांना कळू न देता. संवाद नव्हते. मी सांगत होते: एक क्रीम लावते, दुसरी चाटते. मग चहाचा घोट घ्यायला थांबले.

दादा माझ्याकडे झुकला. चेहऱ्यावर मिस्कील हसू. "आला वाटतं पाहुणा."

"कुठे?"

"आत्ताच आला. तू सांगायला विसरलीस."

"नाही रे. नाही आला."

तो थांबला. मी आणखी काहीतरी बोलेन अशी वाट पाहत असल्यासारखा, हसू तसंच ठेवून. मग ते हळूहळू मावळलं.

"नाही?" तो म्हणाला. "बरं. मला आपलं वाटलं."

"कशावरून वाटलं?"

"श्वासावरून. नाकात बारीक शिट्टी वाजते त्याच्या, श्वास आत घेताना. ते तू कधी सांगितलं नव्हतंस."

"त्या बायकांपैकी एकीची असेल."

"असेल," दादा म्हणाला.

मी विचार केला, चित्रपटात हजार आवाज असतात. कॅमेऱ्यामागे माणसं असतात, त्यांनाही नाकं असतात. दादाचे कान आहेतच तसे. खुलासा चोख होता आणि तो केल्यावर मला बरं वाटलं. सांगायचं मात्र राहून गेलं. म्हटलं, हसता हसता कुठे रडकथा काढायची? युद्धाचा चित्रपट लावल्यावर बघू.

४

युद्धाच्या चित्रपटात बोलायला फुरसत नसते. बाँब पडत होते, मी ओरडून सांगत होते. मध्येच सगळं शांत झालं. खंदकात चिखल, आणि सैनिक कान देऊन बसलेले.

"किती जण आहेत?" दादाने विचारलं.

"तिघं."

"आणि मागे?"

"मागे माती आहे."

दादाने लाह्यांचा वाडगा मांडीवरून खाली ठेवला. पुन्हा उचलला नाही. लाह्या टाकून देणं हे दादाचं काम नव्हे, पण मी त्याकडे काणाडोळा केला.

संध्याकाळी लहान मुलांचा लावला. घड्याळं चोरणारी एक खार, तिला रागावणारं घुबड. सगळं हाताने काढलेलं, रंगवलेलं. दादाचा मूड सुधारावा म्हणून मी थट्टेने म्हटलं, "घे, यात तर माणूसच नाही. औषधालासुद्धा नाही."

"एकही नाही?"

"एकही नाही."

"मग हा श्वास कोण घेतंय?"

पेपर आला का, असं विचारावं तितक्या साध्या आवाजात त्याने विचारलं. मी टीव्ही बारीक केला. स्वयंपाकघरातून फ्रिजची घरघर येत होती. "फ्रिज आहे रे," मी म्हटलं आणि तो बंद करायला उठले. हातात रिकामी बशी होती.

चौकटीतून बाहेर पडताना मला माझंच लक्षात आलं. मी तिरकी झाले होते. डावा खांदा पुढे, पोट आत, बशी छातीशी. दारात कोणी उभं असलं की आपण त्याच्या आणि चौकटीच्या मधून निघतो ना, तशी. पॅसेजमध्ये येऊन मी थांबले. सकाळी चहाचा ट्रे आणतानाही तो डोक्याएवढा उंच धरला होता आणि अंग चोरून आत आले होते. तेव्हा मनातही आलं नव्हतं. चौकट तीन फूट रुंद आहे. तिथे काहीही नव्हतं.

फ्रिज बंद केला. परत येताना मुद्दाम सरळ चालायचं ठरवलं, आणि परत तिरकीच आले. अंगाला सांगून कळेना.

मग दादा हात धुवायला उठला. तो नेहमी चौकटीला उजवा तळवा लावून सरळ पार होतो, अकरा वर्षं एकाच जागी हात लागून तिथला रंग गेलाय. आज तो चौकटीपाशी थबकला. खालच्या आवाजात म्हणाला, "जरा हं." आणि कडेने निघून गेला.

"कोणाला म्हणालास?" तो परत आल्यावर मी विचारलं.

"तुला."

मी सोफ्यावर होते. ते त्याला पक्कं ठाऊक होतं. तरीही मी स्वतःला हेच सांगत होते की दिवसभर कोंडून बसलं की असं होतं, उद्या सकाळी जरा चालून येऊ.

रात्री मी खोलीचं दार लावून घेतलं आणि पडल्या पडल्या झोपले.

५

सकाळी चालायला गेलो नाही. जाऊ या म्हणून दोघांपैकी कोणीच विषय काढला नाही.

कोर्टाचा चित्रपट दादाचा सगळ्यात लाडका. असल्या सुनावण्या तो रोज टाइप करतो, त्यामुळे वकिलांच्या चुका काढत बसतो. न्यायाधीशालाही सोडत नाही. आज तो उशी पोटाशी धरून गप्प बसला होता. मी बोलत होते, नेहमीपेक्षा जास्त. साक्षीदाराचा टाय, भिंतीवरचं घड्याळ, खिडकीतलं झाड, दिसेल ते. मला समजत होतं मी काय करतेय. मी बोलत असले की मागे काही होत नव्हतं.

एकदा साक्षीदार बोलू लागला म्हणून मी थांबले. मागे फरशीवर चपलेचा तळ घासला. अगदी थोडा. एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेताना होतं तसा.

वरच्या मजल्यावरचे लोक, मी मनात म्हटलं. रविवार आहे, खुर्च्या सरकवत असतील.

"बोलत राहा," दादा म्हणाला.

अडीचच्या सुमाराला तो चित्रपट संपला. माझं डोकं भणभणलं होतं. मी डोळे तपासणारी बाई आहे. कोणी म्हणालं, मला अंधुक दिसतं, तर मी त्यावर विश्वास ठेवत नाही आणि वादही घालत नाही. मी तपासते. तेच करायचं ठरवलं. जुना मूकपट लावला, एक बेकरीवाला पळून गेलेल्या गाडीमागे धावतो तो. त्याला पार्श्वसंगीत होतं म्हणून टीव्हीचा आवाजही शून्यावर आणला. खिडकी लावली. फ्रिज कालपासून बंदच होता.

"दादा, श्वास रोखून धर. मीही धरते. दहा आकडे."

त्याने माझं मनगट धरलं आणि अंगठ्याने दाबत आकडे मोजायला सुरुवात केली. एक. दोन. पडद्यावर बेकरीवाला पीठ उधळत धावत होता. तीन.

चौथ्या आकड्याला मला तो ऐकू आला. लांब, सावकाश आत घेतलेला श्वास आणि त्याच्या टोकाला नाकातली बारीक शिट्टी. मग सोडलेला. तो टीव्हीतून आला नाही, वरून नाही की पलीकडच्या घरातून नाही. माझ्या डोक्याच्या मागून आला, उभ्या माणसाच्या उंचीवरून. आमच्या दोघांच्या छात्या गच्च भरलेल्या होत्या.

सातव्या आकड्याला एक पाऊल वाजलं. आमच्या दिशेने.

दादाने श्वास सोडला. "ऐकलंस?"

"हो."

६

मग मी सगळं ओकले. काल सकाळी बोलायचं ते, कोण मागे उभं आहे याची पर्वा न करता, पडद्याकडे बघत. "दादा, पाहुणा खोटा आहे. मी बनवला त्याला. मला झोप लागली होती आणि मी थाप मारली, आणि मग मारतच राहिले. कुठल्याच चित्रपटात कोणी नव्हतं."

"माहीत आहे," दादा म्हणाला.

"केव्हापासून?"

"पहिल्या दिवसापासून. थाप मारायच्या आधी तू आवंढा गिळतेस. तिसरीत असताना माझी सायकल आपटलीस तेव्हाही गिळला होतास."

मला कळेना हसावं की रडावं. "मग आठ वर्षं विचारत का राहिलास?"

"बाकीचं सगळं तू हजेरी घेतल्यासारखं सांगायचीस, चिंगे. दमून यायचीस, कळायचं मला. पाहुणा आला की मात्र तुझा आवाज खुलायचा. मला तेवढंच ऐकायचं असायचं."

मी रडले. आठ वर्षं मी त्याला फसवतेय म्हणून स्वतःचाच जीव खात होते आणि हा मला खेळवत बसला होता, माझ्याच भल्यासाठी.

"आणि तू चाललीयस तेही माहीत आहे," तो म्हणाला. "फोनवर तू मावसभावाचं आणि पाचच्या बसचं बोललीस ते ऐकू आलं, आणि गुरुवारी तुझ्या खोलीत मोठ्या बॅगेची चेन वाजली. चार दिवसांच्या प्रवासाला ती बॅग कोणी काढत नाही. काल तो श्वास ऐकला तेव्हा वाटलं, मावसभावाला आणून गुपचूप उभा केलायस, मी कसा वागतो ते बघायला. म्हणून गमतीने म्हटलं, पाहुणा आला. वाटलं, हसशील आणि एकदाचं सांगून टाकशील. तू म्हणालीस, नाही आला. आणि आवंढा गिळला नाहीस."

त्याचा आवाज इथे पहिल्यांदा कापला.

"तुझी थाप मला कळते, चिंगे. तू थाप मारत नव्हतीस. म्हणजे तुला दिसत नव्हता आणि मला ऐकू येत होता. शनिवार सकाळपासून या खोलीत तिघं आहेत."

"मग मला विचारलं का नाहीस सरळ?"

"काय सांगणार होतीस? कोणी नाही, म्हणाली असतीस. मला ते ऐकायचं नव्हतं."

आम्ही दोघंही गप्प झालो. गप्प व्हायला नको होतं. मागे पुन्हा तळ घासला, आता सोफ्याच्या बराच जवळ, आणि मग परत मागे, चौकटीकडे. परत जागेवर जाऊन उभं राहावं तसं.

७

साडेतीन वाजले. माझी बॅग खोलीत पलंगाखाली. फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला. मध्ये ती चौकट. समोर खिडकी, तिसरा मजला, बाहेरून लोखंडी जाळी. खिडकीतून ओरडून मदत मागता आली असती. पण ओरडायचं काय? मी बनवलेला माणूस आलाय, कोणीतरी या? खाली सायकलवरून चाललेल्या बाईने वर बघून घंटी वाजवली असती फार तर.

मी एकदा उठून उभी राहिले. पाठ दाराकडेच ठेवून. दोन पावलं मागे टाकायची होती. एकही पडलं नाही. खाली बसले.

"तू जा," दादा म्हणाला. "मी राहतो."

"डोकं फिरलंय का तुझं?"

"अकरा वर्षं माझ्यापायी अडकलीस. त्याबद्दल मी कधी एक शब्द बोललो नाही, कारण बोललो असतो तर तू गेली असतीस. माझाही स्वार्थ होताच. आता पुरे. पाचची आहे ना बस? फक्त जायच्या आधी वळून बघ आणि काय आहे ते मला सांग. मीठमसाला न लावता. मला माझ्या घरात कोण आहे तेवढं कळू दे."

हे मागणं काही मोठं नव्हतं. अकरा वर्षं मी त्याला हेच देत आले होते. आणि त्याला दिसत नसताना एकट्याला त्या खोलीत ठेवून जायचं, तर निदान एवढं तरी मी त्याचं देणं लागत होते. मी सोफ्याच्या पाठीवर हात ठेवला आणि वळले.

पॅसेजच्या खिडकीतून दुपारचं ऊन येत होतं, चौकट लख्ख उजळली होती. मी नजर खालीच ठेवली होती. मला बाही दिसली. डावी. तपकिरी, बोटांवरून खाली उतरलेली. तिची कड उसवली होती आणि काळ्या दोऱ्याने शिवली होती, बारीक, नेटके टाके, कोणीतरी स्वतःच वेळ काढून घातलेले.

काळा दोरा मी कधीच सांगितला नव्हता.

त्याच्या वर मी बघितलं नाही. वळून टीव्हीकडे तोंड केलं. बेकरीवाला अजून धावतच होता.

"सांग," दादा म्हणाला.

मी खूप प्रयत्न केला. तरी घशात आवंढा आलाच, आणि तो गिळल्याशिवाय आवाज फुटेना. "कोणी नाही, दादा."

त्याचा हात माझ्या मनगटावर होता. तो थंड पडला, आधी बोटं, मग तळवा.

"बरं," तो म्हणाला. "मग जा तू."

"हो. जाते."

दोघंही हललो नाही.

८

पावणेपाचला मूकपट संपला. टीव्ही निळा झाला आणि तसाच राहिला. माझ्याकडे सांगायला काही उरलं नाही.

मागे पाऊल वाजलं. थांबून दुसरं.

मी तोंड उघडलं. "एक बाई आहे," मी म्हटलं.

दादाचा चेहरा माझ्याकडे वळला. मी चित्रपटातलं सांगत नाहीये हे त्याला माझ्याइतकंच कळत होतं. "कुठे?"

"सोफ्यावर बसलीय. शेजारी तिचा भाऊ आहे. तो तिला जा म्हणतोय."

"मग?"

"ती उठते. दारातून बाहेर पडते. सरळ चालत. दार मोकळं आहे." पावलं थांबली होती. "पलंगाखालची बॅग ओढून घेते. बाहेरचा दरवाजा लावते. जिना उतरते, बॅग प्रत्येक पायरीवर आपटते आणि खालची म्हातारी दार उघडून रागावते."

"रागावणारच," दादा म्हणाला. "पुढे?"

पुढे मी रस्ता सांगितला. बसथांबा, खिडकीची जागा, पुढच्या बाकावर मान टाकून झोपलेला माणूस. बस सुटली ती मी बरोबर पाचला सोडली, भिंतीवरच्या घड्याळात बघून. त्या खऱ्या बसमध्ये माझी जागा रिकामी गेली असणार. मी तिला पूल दाखवला, दिवे लागलेली गावं दाखवली. दादा प्रश्न विचारत होता, अगदी नेहमीसारखे, माझं मनगट न सोडता. मी श्वासासाठी थांबले की मागून श्वास यायचा. म्हणून मी वाक्याच्या मध्येच, शब्द तोडून श्वास घ्यायला शिकले.

मावसभाऊ सकाळी नऊला येणार होता. सोळा तास होते. मी मनातल्या मनात हिशेब केला आणि परत केला नाही.

ऊन भिंतीवरून खाली उतरलं आणि गेलं. दिव्याचं बटण चौकटीशेजारी आहे, त्यामुळे टीव्हीच्या निळ्या उजेडात बसलो. माझा घसा चरचरत होता. मी त्या बाईला नव्या गावात उतरवलं, दुकानाचं शटर वर करायला लावलं. पहिलं गिऱ्हाईक म्हणून एक शाळकरी मुलगी आली, तिला फळ्यावरचं दिसत नव्हतं. तिला चष्मा लावला. तिने दुकानाच्या बाहेर जाऊन समोरच्या झाडाकडे पाहिलं आणि पानं वेगवेगळी दिसतात म्हणून ओरडली. दादा हसला. खरंच हसला. मीही हसले, आणि क्षणभर मला ते दुकान स्पष्ट दिसलं, काचेवरची धूळसुद्धा, आणि तिथे जायची इतकी तीव्र इच्छा झाली की छातीत दुखलं.

मग त्या गोष्टीत संध्याकाळ झाली. बाईने दुकानाला कुलूप लावलं, वरच्या तिच्या खोलीत गेली, खिडकी उघडली. खाली रस्त्यावर कोणी ओळखीचं नव्हतं आणि तिला त्याचं बरं वाटलं. इथे कोणीही चित्रपट संपवला असता. मलाही वाटलं, संपला. मी बोलायची थांबले.

माझ्या मानेवरचे केस उबदार वाऱ्याने हलले. सोफ्याच्या पाठीचा रेक्झिन करकरला, कोणीतरी त्यावर दोन्ही हात टेकून पुढे वाकावं तसा.

दादाने माझं मनगट घट्ट आवळलं.

"फार चांगला आहे गं," तो म्हणाला. "संपवू नकोस."